मुखावरील जंगम



श्रीमंतांचे दगडी देवालय आणि गरिबाचे देहरूपी देवालय यांची तुलना करणारे महात्मा बसवण्णांचे वचन तुम्हांपैकी बहुतेकांस मुखोद्गत आहे, म्हणून ते येथे पुन्हा उतरवीत नाही. त्या वचनाच्या अखेरीस स्थावर आणि जंगम असे दोन शब्द येतात. स्थावर म्हणजे जे उभारले जाते आणि जागच्या जागी राहते ते. जंगम म्हणजे जे चालते, हलते, वाढते, बदलते ते. सामान्य बुद्धीला वाटते की घट्ट उभे आहे ते टिकेल आणि हलते आहे ते निघून जाईल. बसवण्णांनी हा हिशेब उलटा मांडला. आजवर या वचनाचे चिंतन करताना आपण देवळांचा, संपत्तीचा, मठांचाही विचार केला. या महिन्यात ते वचन आपण स्वतःच्या चेहऱ्यास लावून पाहू.

याला निमित्त झाले ते सुरतेहून आलेले एक पत्र. सुरत हे नावच मोठे बोलके आहे. हिंदीत सूरत म्हणजे चेहरा. खानदेशातून उधना-जळगाव लोहमार्गाने पोटापाण्यासाठी गेलेली हजारो मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत दोन-तीन पिढ्या नांदत आहेत. त्यांत आपली लिंगायत घरेही आहेत. कोणी मागावर आहे, कोणी रिंगरोडच्या कापडबाजारात हिशेब लिहितो, कोणी हिऱ्याच्या घंटीवर बसतो. त्या शहरात विणल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या साडीला सुरकुती पडत नाही आणि इस्त्री लागत नाही, म्हणून ती देशभर खपते. साडीला सुरकुती नको, हे ठीकच. परंतु आता साडी नेसणारीच्या कपाळालाही ती नको झाली आहे.

पत्र लिहिणारी भगिनी एका कापडकामगाराची पत्नी. मुलगी पदवीधर, बाजारात एका दुकानी नोकरीस. दोन स्थळे येऊन गेली. दुसऱ्या वेळी मुलाच्या आत्याने उठता उठता म्हटले, "मुलगी गुणाची आहे हो, पण ओठ अगदीच पातळ, चेहरा कोरडा दिसतो." ते शब्द मुलीच्या मनात रुतले. घराजवळच्या एका पार्लरात ओठ भरण्याची आणि कपाळाच्या रेषा घालविण्याची इंजेक्शने मिळतात. मायलेकींनी मिळून घेतली तर सवलत आहे. पैसे घ्यायचे ते मुलीने लग्नासाठी साठविलेल्या रकमेतून. शेवटी ती माउली विचारते, "महाराज, हे पाप आहे का? आणि पाप नसेल तर माझ्या मनाला हे का लागते आहे?"

प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि दुसरा भाग पहिल्याहून मोलाचा आहे. उत्तर देण्यापूर्वी ही इंजेक्शने म्हणजे नेमके काय, हे जाणून घेणे आवश्यक आहे. वस्तू न जाणता तिला पाप म्हणणे हा आळस आहे; वस्तू न जाणता ती अंगात टोचून घेणे हाही आळसच आहे.

कपाळाच्या रेषांसाठी जे औषध टोचतात त्याला लोक बोटॉक्स म्हणतात. हे मुळात एक विष आहे, आणि ज्ञात विषांपैकी अत्यंत जहाल असे विष आहे. जर्मनीतील वैद्य आणि कवी जस्टिनस केर्नर यांनी १८२० च्या सुमारास नासलेले सॉसेज खाऊन माणसे लुळी पडतात, त्यांच्या पापण्या मिटतात आणि श्वास अडतो, याचा अभ्यास केला. पुढे बेल्जियममध्ये अंत्यविधीला जमलेल्या वादकांनी खारवलेले मांस खाल्ले आणि ते असेच आजारी पडले. तेव्हा व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्यामागचा जंतू शोधला आणि १८९७ साली तो प्रसिद्ध केला. आपला मेंदू चेतातंतूमार्फत स्नायूला निरोप पाठवितो. तंतूच्या टोकाशी एक द्रव्य सुटते आणि त्या निरोपावर स्नायू आखडतो. हे विष ते द्रव्य सुटूच देत नाही. निरोप निघतो, परंतु दाराशी येऊन थांबतो. स्नायू जिवंत असतो. केवळ त्याला हाक ऐकू येत नाही. अतिसूक्ष्म मात्रा भुवयांमध्ये टोचली की तेथील स्नायू सैल पडतो, त्यावरची त्वचा सपाट होते आणि आठी दिसेनाशी होते. तीन-चार महिन्यांनी तंतू पुन्हा बोलू लागतो आणि आठी परतते.

ओठांत जे भरतात ते वेगळे. त्याला फिलर म्हणतात. त्यातील मुख्य द्रव्य हायलुरोनिक आम्ल. ते १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांना गाईच्या डोळ्यातील पारदर्शक गरात सापडले. हे द्रव्य आपल्या प्रत्येकाच्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत आहे. ते पाणी धरून ठेवते, म्हणून त्वचा तुकतुकीत राहते. प्रौढ माणसाच्या देहात ते सुमारे १५ ग्रॅम असते आणि त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा रोज विरघळून नवा तयार होतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. केवढे हे जंगमत्व! देह क्षणभरही जुना राहत नाही. परंतु हेच द्रव्य ओठात जसेच्या तसे टोचले तर थोड्याच दिवसांत विरून जाईल. म्हणून त्याच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना बांधून त्याचा घट्ट गर करतात. मग तो साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो. म्हणजे जे वाहते होते त्याला बांधून थांबविले, तेव्हा ते विकण्याजोगे झाले. स्थावर-जंगमाचे वचन आठवावे ते येथे.

आता कोणी म्हणेल, स्वामींना शास्त्राचे वावडे आहे. तसे मुळीच नाही. हेच विष सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांवर औषध म्हणून वापरले, आणि अमेरिकेत डिसेंबर १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांच्या आचक्यांसाठी त्याला मान्यता मिळाली. ज्याच्या पापण्या आपोआप गच्च मिटतात, तो डोळे असून आंधळा. त्याला या सुईने जग दिसते. पक्षाघाताने आखडलेला हात सैल होतो. मान वाकडी झालेल्याची मान सरळ होते. कॅनडातील व्हँकुव्हर येथे जीन कॅरुथर्स या नेत्रवैद्य अशाच पापण्यांचे रुग्ण तपासत असता, १९८७ च्या सुमारास त्यांच्या ध्यानी आले की रुग्णाच्या भुवयांमधील आठीही गेली आहे. त्यांचे पती त्वचावैद्य. दोघांनी मिळून १९९२ साली हा अनुभव प्रसिद्ध केला, आणि २००२ साली अमेरिकेत आठी घालविण्यासाठीही हे औषध मान्य झाले. करुणेतून निघालेली वस्तू बाजारात कशी उतरली, ती वाट एवढीच लहान आहे.

आपल्याकडेही रूप सुधारण्याची विद्या जुनी आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांत जराचिकित्सा हे एक अंग आहेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी सैन्यासोबत असलेल्या एका मराठी बैलगाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले. पुण्याकडच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक घडविले. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपातील शस्त्रवैद्य ती विद्या शिकले. त्या कारागिराचे हात कायकाचे हात होते. त्याने कापलेले नाक दिले, त्यासोबत त्या माणसाला समाजात तोंड वर करून फिरण्याची मुभाही दिली. भाजलेला चेहरा, फाटलेला ओठ, ॲसिडने होरपळलेली कन्या, अशांना वैद्यकाने रूप द्यावे. त्यास पाप म्हणणाऱ्याला देहदेवालयाचा अर्थ कळला नाही. देवालय पडले तर बांधावेच लागते.

मग त्या माउलीच्या मनाला लागले ते काय?

सद्भक्तहो, चेहरा ही भिंत नव्हे. चेहऱ्यावर जंगम आहे. आपल्या मनातील भाव शब्द होण्याच्या आधी भुवईत येतो, ओठाच्या कडेला येतो, डोळ्याच्या कोपऱ्यात येतो. पॅरिसचे वैद्य द्युशेन यांनी १८६२ साली हसण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की ओठ तर ठरवून फाकविता येतात, परंतु खऱ्या आनंदाच्या हास्यात डोळ्याभोवतीचा स्नायूही आखडतो आणि डोळ्याच्या कडेला चुण्या पडतात. म्हणजे ज्या चुण्यांना आपण म्हातारपणाची खूण म्हणतो त्या हास्याच्या खरेपणाची साक्ष आहेत. ज्याच्या डोळ्यांच्या कडेला त्या पुष्कळ आहेत, त्याने आयुष्यात पुष्कळ वेळा मनापासून हसून घेतले आहे.

आणखी एक गोष्ट मातांनी ऐकावी. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तान्ह्या बाळाशी हसत-खेळत असलेल्या आईला सांगितले की थोडा वेळ चेहरा अगदी निश्चल ठेव. आई समोरच होती, तिला दुखणे नव्हते, राग नव्हता. केवळ चेहरा हलत नव्हता. बाळाने आधी हसून पाहिले, हात पुढे केले, आवाज केला. उत्तर मिळेना तेव्हा ते कावरेबावरे झाले, तोंड फिरवू लागले. ज्याला भाषा येत नाही अशा जिवाला चेहऱ्यावरचे जंगम कळते आणि ते थांबले की त्याचा धीर सुटतो. कपाळाला एकदा सुई घेतली की आई बाळाला पारखी होते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे अतिशयोक्ती होईल. परंतु चेहरा कशासाठी दिला आहे, हे त्या बाळाला आपल्याहून अधिक ठाऊक आहे. चेहरा दुसऱ्याने न्याहाळावा म्हणून आहे, त्याहून अधिक तो दुसऱ्याला उत्तर देता यावे म्हणून आहे. आपण ज्याला अनुभाव म्हणतो, तो दोन मनांमधील व्यवहार प्रथम चेहऱ्यावरूनच चालतो.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. त्या मुलीला आरशाने काही सांगितले नव्हते. इतकी वर्षे त्याच ओठांनी ती बोलली, जेवली, हसली. तिच्या ओठांत उणे आहे, हे तिला एका आत्याबाईंच्या वाक्याने कळले. म्हणजे दोष ओठात नव्हता. तो पाहणाऱ्याच्या दृष्टीत होता आणि तेथून तो मुलीच्या मनात उतरला. सुई टोचावयाची तर ती दृष्टीला टोचली पाहिजे, आणि आपण ती मुलीच्या ओठाला टोचीत आहोत.

अक्कमहादेवीचे चरित्र आठवा. उडुतडीची ती कन्या रूपवती होती. कौशिक राजाने तिला पाहिले आणि त्याची दृष्टी रूपापाशी थांबली. त्यापलीकडे ती जाऊ शकली नाही. अक्का राजवाडा सोडून निघाली आणि कल्याणला अनुभवमंटपात आली. तेथे अल्लमप्रभूंनी तिची कठोर परीक्षा घेतली. केसांनी अंग झाकण्याविषयीही विचारले. परंतु ती सुंदर आहे की नाही, हा प्रश्न त्या सभेत कोणालाच पडला नाही. तिचे मोल तिच्या अनुभवावरून झाले आणि वयाने मोठ्या शरणांनी तिला अक्का म्हणजे थोरली बहीण म्हटले. राजसभा आणि शरणसभा यांतील अंतर हेच. एका सभेत स्त्री पाहिली जाते, दुसऱ्या सभेत ती ऐकली जाते.

आज आपल्या घरी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होतो, तेव्हा ती सभा कोणाची असते, कौशिकाची की अल्लमप्रभूंची? कांदापोह्यांची बशी घेऊन मुलगी येते, आणि ती बोलू लागण्यापूर्वी चार जोडी डोळे रंग, नाक, दात, ओठ यांची मोजदाद करतात. हिऱ्याच्या बाजारात दलाल भिंगातून खडा पाहतो तसे. हिरा पाहावा, तो त्याचा व्यवसाय आहे. पण हिऱ्याला मन नाही. भिंग लावल्याने तो रात्रभर रडत नाही. आणि गंमत अशी की मुलाचे ओठ कोणी पाहत नाही. त्या ओठांआड दिवसभर मावा असतो, हिरड्या कुजत असतात, सुपारीने तोंड पुरते उघडत नाही, हे गुपचूप पोटात घातले जाते. गुजरातेत २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. सुपारी-तंबाखू एकत्र मळून खाणाऱ्याला तिची झळ लागत नाही. मुलीचा पातळ ओठ दोष ठरतो आणि मुलाचे सडके तोंड दोष ठरत नाही, हा न्याय बसवण्णांच्या कोणत्या शिकवणुकीतून आला, हे मला त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगावे.

आपण कोणाचे वंशज, याचे स्मरण असू द्यावे. परंपरा सांगते की कल्याणमध्ये हरळय्यांचा पुत्र आणि मधुवरसांची कन्या यांचा विवाह झाला. एक घर चर्मकाराचे, एक ब्राह्मणाचे. शरणांनी जात पाहिली नाही, केवळ लिंगधारी देह आणि शुद्ध आचार पाहिला. त्यासाठी दोघा पित्यांना प्राण द्यावे लागले आणि कल्याण पेटले. ज्यांच्या पूर्वजांनी विवाहात जात पाहण्याचे नाकारून मरण पत्करले, त्यांनी विवाहात ओठांची जाडी पाहावी, हे शोभते काय?

तरीही कोणास ही इंजेक्शने घ्यावीशी वाटली, तर आपल्या मनास तीन प्रश्न करावेत.

पहिला प्रश्न: मी हे कोणासाठी करीत आहे? दुखणे दूर व्हावे, व्यंग भरून निघावे, मनाची खरीखुरी कुचंबणा संपावी, हे एक कारण. कोणी नापसंत करील ही भीती, हे दुसरे कारण. भीती सुईने जात नाही. चार महिन्यांनी आठी परतते, तिच्यासोबत भीतीही परतते, आणि येताना नवी जागा शोधून येते. आज ओठ, उद्या हनुवटी. महाभारतातील ययातीने पुत्राचे तारुण्य मागून घेतले, दीर्घकाळ भोगले, आणि शेवटी कामना भोगाने शमत नाही हे समजल्यावर ते परत केले. त्याला एकदाच मागावे लागले. येथे दर चार महिन्यांनी मागावे लागते.

दुसरा प्रश्न: सुई कोणाच्या हातात आहे? यात हयगय करू नका. हे औषध आहे. मेंदी किंवा हळद नव्हे. चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर पुढचा रक्तपुरवठा तुटतो, त्वचा काळी पडून मरते, आणि तो डोळ्याच्या वाहिनीत पोहोचला तर दृष्टी जाते. टोचल्यावर तीव्र वेदना, त्वचा पांढरी पडणे, जांभळी जाळी दिसणे, अंधुक दिसणे यांपैकी काही झाले तर घरी बर्फ लावीत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. फिलर विरघळविणारे औषध आहे, परंतु त्याचा उपयोग वेळेवर दिले तरच. २०२४ साली अमेरिकेसारख्या देशात ११ राज्यांतील २२ स्त्रिया बनावट किंवा नीट न हाताळलेल्या बोटॉक्सने आजारी पडल्या. त्यांत घरी किंवा स्पामध्ये सुई घेतलेल्या पुष्कळ होत्या. आणि सुरतेचे म्हणाल तर त्याच वर्षी डिसेंबरात सुरत पोलिसांनी सत्तर-ऐंशी हजार रुपयांत वैद्यकीच्या बनावट पदव्या विकणारी टोळी पकडली. त्या पदव्यांवर पांडेसऱ्यासारख्या कामगारवस्तीत दवाखाने चालत होते. तुमच्याच गल्लीतली ही गोष्ट. पाटीवर डॉक्टर लिहिले म्हणजे डॉक्टर होत नाही. सुरतेत न्यू सिव्हिल आणि महानगरपालिकेचे स्मीमेर अशी मोठी रुग्णालये आहेत. तेथील त्वचारोग विभागात आधी सल्ला घ्यावा. पार्लरातील भगिनीचे कायक केशरचनेचे, प्रसाधनाचे आहे. ते मानाचे आहे, पण ते वैद्यकी नव्हे. ज्याचे जे कायक नाही ते त्याने करू नये, आणि आपण त्याच्याकडून करवून घेऊ नये.

तिसरा प्रश्न: हा पैसा कोणाचा? आयदक्की लक्कम्माचे पती मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणीत आणि त्यावर दासोह चाले. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्माने ते जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास सांगितले. घरात अन्न अधिक झाले तर कोणती गृहिणी तक्रार करील? परंतु तिला पुरेसे म्हणजे किती, हे ठाऊक होते. बाजाराचे सारे बळ आपल्याला हे कळू न देण्यात आहे. वर्षातून तीन-चार वेळा होणारा हा खर्च मागावर उभे राहून मिळविलेल्या पैशातून होणार असेल, तर त्यातून मुलीचे कोणते शिक्षण झाले असते, आजोबांचा कोणता औषधोपचार झाला असता, हे एका कागदावर समोरासमोर लिहून पाहावे. मग निर्णय घ्यावा.

आता त्या सुरतेच्या माउलीस उत्तर. माउली, हे पाप नाही. तुझी मुलगी सज्ञान आहे. तिच्या तळहातावर जे इष्टलिंग आहे ते कोणत्याही पुरुषाच्या हातातील लिंगाहून उणे नाही, म्हणून तिच्या देहाविषयीचा अंतिम निर्णय तिचाच आहे. तिने सुई घेतली तरी ती आमची लेक आहे, न घेतली तरी आहे. कोणी घेऊन आली तर शिवानुभवाच्या बैठकीत तिला टोमणा मारण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु तुझ्या मनाला जे लागले ते योग्यच लागले. तुझ्या मुलीला कोणी तरी खड्यासारखे पारखले आणि खाली ठेवले, आणि ती आता स्वतःलाच त्या पारख्याच्या डोळ्यांनी पाहू लागली आहे. ते तुला आईच्या मनाने कळले. तिला एवढेच सांग: जे घर ओठ पाहून उठले त्याने तुझे नुकसान केले नाही. नांदायला गेल्यावर तेथील प्रत्येक सकाळ तशीच परीक्षेची झाली असती. लग्नासाठी साठविलेले पैसे राहू देत. लग्न ज्याच्याशी व्हायचे त्याला तुझे बोलणे ऐकायचे असेल. आणि बोलणे पातळ ओठांनीही तितकेच स्पष्ट होते.

आणि बाकीच्या सर्वांस, विशेषतः ज्यांच्या घरी विवाहयोग्य पुत्र आहेत त्यांस, माझे एक मागणे आहे. केवळ मुलींना उपदेश करून हा विषय मिटणार नाही. येत्या लग्नसराईपूर्वी आपल्या घरी बसून ठरवा. मुलगी पाहण्यास जाल तेव्हा तिच्या अंगकांतीविषयी, नाकाओठांविषयी, उंचीविषयी तिच्यासमोर किंवा तिच्यामागे एक शब्दही उच्चारणार नाही. नकार द्यायचा असेल तर हात जोडून द्याल, आणि त्याचे कारण म्हणून तिचे रूप कधी सांगणार नाही. तिला प्रश्न विचाराल तेवढे प्रश्न तिलाही विचारू द्याल. मुलाच्या तोंडात मावा असेल तर तो आधी सोडवाल. आत्या, मामी, काकू यांचा शब्द अशा वेळी फार चालतो; म्हणून हा नियम त्यांनीच प्रथम घ्यावा. गावोगावच्या शिवानुभव मंडळांनी हा ठराव करून मठाकडे कळवावा, असे मी सुचवितो. वचनावर नुसते डोके डोलावणे पुष्कळ झाले.

शेवटी रोजच्या पूजेतील एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आपण प्रातःकाळी स्नान करून कपाळावर विभूतीच्या तीन आडव्या रेषा ओढतो. त्या रेषा भस्माच्या आहेत, हा देह एके दिवशी याच रंगाचा होणार याची ती आठवण आहे. ती आठवण आपण लपवीत नाही. उलट चारचौघांत मिरवितो. मग त्याच कपाळावर, त्याच दिशेने, काळाने हळूहळू ओढलेल्या रेषा आपणास एवढ्या नकोशा का व्हाव्यात? एक त्रिपुंड्र आपण बोटांनी काढतो. दुसरे कायक काढते, काळजी काढते, उन्हातान्हात केलेले कष्ट आणि लेकरांसाठी जागविलेल्या रात्री काढतात. आजीच्या कपाळावर ही दोन्ही त्रिपुंड्रे एकमेकांवर बसलेली दिसतात, तेव्हा तिच्या पायावर डोके ठेवावेसे वाटते.

उद्या सकाळी विभूती लावताना आरशात क्षणभर थांबून ते दुसरे त्रिपुंड्रही पाहा. त्यानंतर आरसा खाली ठेवून तळहातावर इष्टलिंग घ्या आणि दृष्टी त्यावर स्थिर करा. दृष्टी स्थिर असावी, मुख मात्र हलते, हसते, कळवळणारे असावे. तुमच्या मुखावरील जंगम चालते राहो, आणि ते पाहणाऱ्या डोळ्यांत कौशिकाऐवजी शरण वास करो, ही बसवण्णांच्या चरणी प्रार्थना.

सर्वांचे कल्याण असो. शरणु शरणार्थ.